ओंडक्याचा शोध : पालीच्या बांधापासून बल्लारशाहच्या आगारापर्यंत

आपल्या ज्ञातीच्या इतिहासाविषयी लिहावयास कोणी बसला, म्हणजे त्याची लेखणी बहुधा मंदिरांच्या कोरीव खांबांकडे, वाड्यांच्या नक्षीदार चौकटींकडे आणि रथांच्या चाकांकडे वळते. तो अभिमान रास्तच आहे. परंतु त्या खांबाचे लाकूड कोठून आले, ते कोणाच्या शेतात वाढले होते आणि त्याचे मोल कोणी व कसे चुकविले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्याने लहानशी का होईना आरागिरणी चालविली आहे, त्याला मात्र या प्रश्नाचे महत्त्व सांगावे लागत नाही. यंत्र हप्त्याने मिळते, वीज जोडून मिळते, कारागीर घरचाच असतो. पण रोज सकाळी पात्यापुढे ठेवावयास ओंडका मिळणे, ही या धंद्यातील खरी विवंचना होय. या विवंचनेचा इतिहास आपल्या कुटुंबांपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दृष्टीसमोर एक गाव असलेले बरे, म्हणून बीड जिल्ह्यातील पाली हे गाव घेऊ. बीड शहरातून मांजरसुंब्याकडे दक्षिणेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, बिंदुसरा नदीच्या खोऱ्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेच्या कुशीत हे गाव वसले आहे. याच बाजूस, बीडनजीक, निजामशाहीच्या काळात १५८२ साली बांधलेली खजाना बावडी आहे. भूमीच्या पोटातील पाणी शोधून ते बोगद्यांनी शिवारापर्यंत नेणारे कसबी लोक या भागात चारशे वर्षांपूर्वी कामास होते, याची ती साक्ष देते. पाण्याचा शोध असा जमिनीखाली घेता आला. लाकडाचा शोध मात्र जमिनीवरच घ्यावा लागे आणि तो सोपा नव्हता. बालाघाटाचा हा भाग कमी पावसाचा आणि मुरमाड आहे. येथे खुरटे रान आढळते, कोकणासारखे किंवा चांद्याकडच्यासारखे उंच सागवानी जंगल आढळत नाही. म्हणून या मुलखातील लाकूड डोंगरावर नव्हते, ते शेताच्या बांधावर होते. बाभूळ, लिंब, आंबा, चिंच आणि हिवर ही पाच नावे घेतली, म्हणजे पालीसारख्या गावाची लाकडाची वखार बहुतांशी सांगून झाली.

पूर्वीच्या गावगाड्यात सुताराला लाकूड विकत घ्यावे लागत नसे, ही गोष्ट आजच्या तरुणांना नवल वाटण्यासारखी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात शेजारच्या नगर भागातील बलुतेदारीचे जे वर्णन केले आहे, तशीच व्यवस्था थोड्याफार फरकाने मराठवाड्यातही होती. लाकूड शेतकऱ्याचे, हात सुताराचे, आणि मोबदला खळ्यावरच्या धान्यात, असा तो व्यवहार असे. नांगर, वखर, तिफण, जू, मोटेचे चाक आणि गाडीची दुरुस्ती ही सारी कामे त्यात येत. शेतकरी सुताराला बांधावर घेऊन जाई. कोणती बाभूळ तोडावी, कोणती अजून पाच वर्षे राखावी, हे सुतार सांगे. एखाद्या फांदीचा जन्मजात बाक पाहून तो मनातल्या मनात तिचा नांगर करून ठेवी. ती फांदी तोडण्याच्या योग्य होईपर्यंत झाड उभे राही. म्हणजे ओंडक्याचा शोध तेव्हाही होता. तथापि तो बाजारातला शोध नसून शेजारातला होता. झाड, मालक आणि कारागीर हे तिघे एकाच गावचे असल्यामुळे फसवणुकीला फारशी जागा उरत नसे. ही व्यवस्था सर्वांगी न्याय्य होती, असे म्हणण्याचा हेतू नाही. बलुत्याने सुताराला गावाशी जखडून ठेवले होते आणि पीक बुडाले की त्याचे धान्यही बुडे. पण झाडाकडे पाहण्याची जी दृष्टी तिने आपल्या पूर्वजांना दिली, ती मोलाची होती.

बाभळीच्या लाकडाचा गुण त्यांना पुरता ठाऊक होता. तिचा आतील तांबूस गाभा कठीण, चिवट व टिकाऊ असतो, बाहेरचे पांढरे लाकूड मात्र किडीला लवकर बळी पडते. म्हणून ओंडका तोडताच साल काढणे, तो विहिरीत किंवा डोहात काही काळ बुडवून ठेवणे आणि मग सावलीत सुकविणे, हा क्रम पाळला जाई. घाईने ओले लाकूड वापरले तर चाकाचे आरे तुंब्यात ढिले पडतात आणि गाडी भर पेरणीत उभी राहते, हे प्रत्येक जाणत्या सुताराच्या मुलाला लहानपणीच कळे. ओंडका फाडण्याचे कामही हातानेच होई. कावेत भिजविलेल्या दोरीने ओंडक्यावर सूत मारावयाचे, तो उंच आधारावर चढवावयाचा किंवा खड्ड्यावर आडवा ठेवावयाचा, आणि एकाने वरून व एकाने खालून मोठी करवत ओढावयाची. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडे. एका चांगल्या ओंडक्याच्या फळ्या पाडण्यात दिवसच्या दिवस जात. या संथपणाचा एक लाभ असा होता की, गावात जितकी झाडे वाढत त्याहून अधिक फाडण्याची शक्तीच सुताराच्या हातात नव्हती.

लाकूड घ्यावयाचे तर ते कोणत्या रीतीने, या प्रश्नाचा विचार मराठी राज्यकर्त्यांनीही केला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील मानल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्वतंत्र विवेचन आहे. त्याचा आशय असा की, सागासारखे लाकूड राज्यातील अरण्यातून परवानगीने तोडावे, आणखी लागेल ते बाहेरून खरेदी करावे. रयतेच्या आंबा-फणसांना मात्र हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत आणि ज्याने ती वाढविली त्याचे दुःख मोठे असते. एखादे झाड फारच जीर्ण होऊन उपयोगाचे राहिले नसेल, तर मालकाची समजूत घालून, त्याला पैसे देऊन, त्याच्या राजीखुशीने ते न्यावे; जबरदस्ती सर्वथा करू नये. ज्या राज्याला समुद्रावर लढावयाचे होते आणि ज्याची लाकडाची निकड आपल्या गिरणीहून शतपटीने मोठी होती, त्याने स्वतःवर घालून घेतलेली ही मर्यादा आहे. ओंडका खरेदी करणाऱ्या प्रत्येक गिरणीवाल्याने ती आपल्या दारावर लिहून ठेवावी, इतकी ती आजही ताजी आहे.

निजामी अमलात बीडला इमारती सागवान लागे, ते लांबूनच आणावे लागे. हैद्राबाद संस्थानातील सागाची मोठी अरण्ये आदिलाबादकडे होती. त्यांपैकी किनवटचा भाग १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर नांदेड जिल्ह्यात आला. मनमाडहून जालना, परभणी, नांदेड या मार्गाने सिकंदराबादेकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. परंतु बीड शहर तिच्यापासून दूरच राहिले. जालन्याचे रेल्वे ठाणे सुमारे शंभर किलोमीटरवर. त्यामुळे लांबच्या ओंडक्याचा अखेरचा प्रवास बैलगाडीने आणि पुढे लॉरीने होई, आणि वाटखर्चानेच त्याचा भाव चढे. सागवान म्हणजे वाड्याचे, देवळाचे आणि श्रीमंताच्या दाराचे लाकूड, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ झाली, तिचे एक कारण हेच होय. बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरहून. आपल्या भागातील लाकडाच्या धंद्याचा जवळजवळ सगळा इतिहास हा रेल्वेवाचूनचा इतिहास आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. याच दोन-तीन दशकांत गावगाड्याची घडी उलगडली. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर दक्षिण महाराष्ट्रातून हळूहळू सर्वत्र पसरला होता. मागाहून विहिरीवर एंजिने आली आणि मोटेचे चाक थांबले. त्यानंतर रबरी टायरची गाडी व ट्रॅक्टर आले. बलुत्याचे धान्य बंद झाले, ते कोणी एका दिवसात बंद केले नाही; काम संपत गेले तसे धान्यही आटत गेले. १९६० साली राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९७१ साली आपल्याच जिल्ह्यात परळीचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले, आणि खेड्यांत वीज पोहोचू लागली. ज्यांच्या हातून वाकस, पटाशी आणि रंधा सुटण्याची वेळ आली होती, त्यांच्यापैकी काहींनी धैर्य करून आधी तेलाच्या एंजिनावर आणि पुढे विजेवर चालणारी गोल करवत किंवा पट्टी करवत बसविली. दारे-खिडक्यांच्या चौकटी, छपराचे वासे, सेंटरिंगच्या फळ्या, खोकी, खाटा अशी नवी मागणी निर्माण झाली होती. सुतार गिरणीवाला झाला. आणि त्याच दिवशी, अनेक पिढ्यांत प्रथमच, त्याला लाकूड पैसे मोजून विकत घ्यावे लागले.

येथून ओंडक्याच्या शोधाचे खरे प्रकरण सुरू होते. पहिला मार्ग उभे झाड बांधावर जाऊन घेण्याचा. यात सौदा बहुधा उक्ता होतो; म्हणजे झाड पाहून एकरकमी किंमत ठरते. जाणता खरेदीदार खोडाला कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून पाहतो. आवाज भरीव आला तर गाभा शाबूत, बद्द आला तर आत पोकळी. बुंध्याशी वाळवीची माती, फांदीच्या खाचेत साचलेले पाणी, सालीवरील उभी चीर, गाठींची दाटी, या खुणा तो पाहतो. रस्त्याकडेचे किंवा घराजवळचे झाड असेल, तर त्यात वर्षानुवर्षे ठोकलेले खिळे व तारा दडलेल्या असतात. एक खिळा पात्याचे दात घालवितो आणि प्रसंगी माणसाचा हातही घेतो. म्हणून असे झाड घेताना सावधगिरी दुप्पट हवी.

दुसरी गोष्ट मापाची. आपल्या धंद्यात ओंडक्याचे माप चौथाई घेराने काढण्याची रीत रूढ आहे. ओंडक्याच्या मध्याचा घेर इंचांत घ्यावा, त्याचा चौथा भाग करावा, त्याचा वर्ग करून फुटांतील लांबीने गुणावे व १४४ ने भागावे. घेर ४८ इंच आणि लांबी १० फूट असेल, तर चौथाई १२, वर्ग १४४, म्हणून ओंडका १० घनफूट झाला. परंतु भूमितीच्या हिशेबाने त्याच ओंडक्यात पावणेतेरा घनफुटांच्या जवळपास लाकूड असते. म्हणजे या रीतीत शेकडा एकवीस-बावीस भाग खरेदीदाराच्या पदरी सुटतो. याला लबाडी म्हणता येणार नाही. साल, कडेचे तुकडे आणि भुसा यांत जे वाया जाते, त्याची ती सूट आहे आणि सर्व व्यापार ती जाणतो. पण शेतकरी ती जाणतो काय? त्याला न सांगता वर पुन्हा सालीची वजावट, पोकळीची वजावट आणि वाकाची वजावट धरली, तर सूट कोठे संपली आणि लूट कोठे सुरू झाली, हे सांगता येणार नाही. आपल्या पूर्वजांचे सूत सरळ असे. ‘सुतार’ हा शब्द सूत्रधारापासून आला असे मानतात. त्या सुताची लाज मोजपट्टीने राखली पाहिजे.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि येथे पुष्कळ होतकरू मंडळी अडखळतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये खातेदाराच्या जमिनीतील झाडांवर सामान्यतः त्याचाच हक्क असतो. परंतु हक्क असणे वेगळे आणि तोडण्याची मुभा असणे वेगळे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, खैर, चंदन इत्यादी झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. यास्तव सौदा करण्यापूर्वी सातबारा पाहावा, बांध सामाईक असल्यास शेजाऱ्याची आणि भाऊबंदांची संमती घ्यावी, झाड यादीतले असल्यास परवानगी व लाकूड हलविण्यापूर्वी आवश्यक तो वाहतूक पास घ्यावा. किनवटसारख्या भागातून माल आणणाऱ्यांनी १९६९ चा आणखी एक कायदा लक्षात ठेवावा. आदिवासी खातेदारांच्या झाडांची विक्री त्याने सरकारी देखरेखीखाली आणली. ठेकेदारांनी भोळ्या मालकांकडून मोलाची झाडे कवडीमोलाने नेली नसती, तर असा कायदा करण्याची वेळच आली नसती.

बांधावरचे लाकूड पुरेनासे झाले, तेव्हा गिरणीवाल्यांची नजर सरकारी आगारांकडे वळली. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशाह येथील आगार सागवानासाठी देशभर नावाजलेले आहे. आलापल्लीच्या अरण्यातील साग तेथे येतो. १९७४ साली महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले, तेव्हापासून या विक्रीत त्याचाही मोठा वाटा आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनाच्या कामात आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी याच भागातील सागवान गेले, ही आपल्या कारागीर समाजाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. परंतु पालीच्या लहान गिरणीवाल्याला त्या अभिमानाने ओंडका मिळत नाही. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. लिलाव थप्पीवर होतो, एका ओंडक्यावर नव्हे. अनामत आधी भरावी लागते, बोली सुटल्यावर ठराविक मुदतीत पैसे भरून माल उचलावा लागतो, आणि पूर्वी हातवर करून होणारा लिलाव आता संगणकावर होऊ लागला आहे. एकट्याच्या भांडवलाला हे झेपत नाही. यावर उपाय एकच : चार-पाच गिरण्यांनी मिळून एक थप्पी घ्यावी, एक माणूस पाहणीला पाठवावा, एकाच लॉरीने माल आणावा आणि मापाने वाटून घ्यावा. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या आणि डोंगरातील अशिक्षित मजुरांनी कूप तोडण्याचे काम ठेकेदारांकडून आपल्या हाती घेतले. जे त्यांना साधले, ते शिकल्यासवरल्या आपल्या बांधवांना साधू नये काय?

त्यानंतर न्यायालयाचा काळ आला. गोदावर्मन थिरुमुलपाड यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी वनरक्षणाचा जो आदेश दिला, त्याने देशातील लाकूडधंद्याचे वळणच बदलले. ऑक्टोबर २००२ मध्ये नव्या आरागिरण्यांना केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीची अट लागली. पुढे २०१६ साली केंद्र सरकारने लाकूडाधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढून हा विचार राज्यस्तरीय समित्यांकडे सोपविला. त्यात परवान्याचा विचार लाकडाच्या उपलब्धतेशी जोडलेला आहे. ज्याच्या वडिलांच्या नावे जुना परवाना होता, तो तरला. ज्याने विनापरवाना यंत्र लावले, तो बुडाला. आपल्यापैकी पुष्कळांना हा अन्याय वाटला. पण सरकार विचारीत असलेला प्रश्न नीट पाहिला, तर तो आपल्या आजोबांचाच प्रश्न आहे : फाडावयास निघालात, पण वाढते किती?

आजचा चौथा मार्ग बंदराचा आहे. कांडला-गांधीधाम परिसरात न्यूझीलंडचे पाइन आणि अन्य देशांचे ओंडके जहाजांनी उतरतात, तेथेच फाडले जातात आणि फळ्या होऊन आपल्या तालुक्याच्या गावी येतात. बर्माचा साग ज्याच्या त्याच्या तोंडी होता. पण म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि तो मार्ग एका दिवसात आटला. परदेशाच्या ओंडक्यावर धंदा उभारणाराने हे उदाहरण विसरू नये. दुसऱ्याचे अरण्य ही आपली वखार नव्हे.

एक कटू गोष्ट येथे नमूद करणे भाग आहे. आपल्या भागात ओंडका स्वस्त केव्हा मिळतो? दुष्काळात. १९७२ साल वृद्धांच्या स्मरणात आहे. २०१२ आणि २०१५ ची वर्षे तर तरुणांनीही पाहिली आहेत. विहिरी आटतात, झाडे वाळतात, वैरणीला पैसा हवा असतो, आणि शेतकरी स्वतः गिरणीच्या दारी येऊन झाड घ्या म्हणतो. त्या वर्षी गिरणीच्या आवारात ओंडक्यांचे ढीग पडतात आणि पुढची दहा वर्षे बांध उघडे राहतात. शेजाऱ्याच्या विपत्तीत झालेली ही भरभराट शेवटी आपल्याच मुळावर येते. अशा वेळी वाळलेले झाड योग्य भावाने अवश्य घ्यावे. पण हिरवे, वाढते झाड विकावयास आलेल्या माणसाला शक्य असेल तर थोडी उचल द्यावी आणि झाड उभे राहू द्यावे. पुढच्या हंगामात तेच झाड अधिक लाकूड देईल आणि तो माणूस ते दुसऱ्या कोणाला विकणार नाही.

आता शेवटी थोडा हिशेब. समजा, एक लहान गिरणी दिवसाला २० घनफूट लाकूड फाडते आणि वर्षातून २५० दिवस चालते. म्हणजे वर्षाला ५,००० घनफूट. एक झाड २० वर्षांनी १० घनफूट उपयोगी लाकूड देते असे धरले, तर त्या गिरणीला दरवर्षी ५०० झाडे लागतील. आणि हा क्रम कधीच न तुटावा अशी इच्छा असेल, तर तिच्या नावाने निरनिराळ्या वयाची १०,००० झाडे कोठे ना कोठे उभी असली पाहिजेत. आकडा मोठा वाटतो खरा. पण शंभर शेतकऱ्यांच्या बांधांवर शंभर-शंभर झाडे, असे म्हटले की तो पालीच्या पंचक्रोशीत मावण्याजोगा होतो. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनेही लाकडावर चालणाऱ्या उद्योगांनी कच्चा माल शेतकऱ्यांच्या सहकार्याने वाढवावा, असेच सांगितले आहे. रोपे गिरणीवाल्याने द्यावीत, जमीन व राखण शेतकऱ्याची, आणि तोडीच्या वेळी बाजारभावाने पहिला हक्क गिरणीचा, असा साधा लेखी करार करण्यास आपणास कोणाची आडकाठी आहे? बाभूळ आणि लिंब या जमिनीला मानवलेलीच झाडे आहेत.

ज्ञातिबांधवहो, आपल्या पूर्वजांनी ज्या बाभळी तोडल्या, त्या त्यांच्याही आधीच्या कोणी तरी राखल्या होत्या. आपण आज जो ओंडका शोधीत हिंडतो, तो न सापडण्याचे कारण बाजारात नाही. वीस वर्षांपूर्वी जे झाड लावावयाचे राहिले, त्यात ते आहे. पुढील वर्षी ही स्मरणिका आपल्या हाती येईल, तोवर प्रत्येक कुटुंबाने या पावसाळ्यात स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या बांधावर निदान दहा रोपे लावून जगविलेली असावीत, एवढीच नम्र विनंती आहे. त्यांचे लाकूड आपल्या पिढीला कदाचित मिळणार नाही. परंतु आपल्या नातवाला ओंडका शोधण्यासाठी पाचशे किलोमीटर जावे लागणार नाही.